नाव बदललं, झेंडा बदलला, दार बंदच : उत्तर मॅसेडोनिया आणि युरोपियन युनियनचा विस्तार

पायवाट (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात कामानिमित्त तीन दिवस स्कोपियेला होतो. राहतो व्हिएन्नात, विमानाने दोन तासही लागत नाहीत, पण नऊ वर्षांत कधी पाय वळले नव्हते. मदर तेरेसांचं जन्मगाव, एवढीच माझी माहिती. मध्यवस्तीत त्यांचं स्मारकघर आहे, तिथे गेलो. १९१० साली त्या जन्मल्या तेव्हा हे शहर ऑटोमन साम्राज्यात होतं. मग सर्बियाकडे गेलं, पहिल्या महायुद्धात बल्गेरियाने घेतलं, मग युगोस्लाव्हिया, दुसऱ्या महायुद्धात परत बल्गेरिया, परत युगोस्लाव्हिया आणि १९९१ पासून स्वतंत्र. म्हणजे घराचा उंबरठा न ओलांडताही एखाद्या आजीबाईने एका जन्मात पाच-सहा सरकारं पाहिली असणार. पुढे जे लिहितोय त्याचं मूळ इथेच आहे.

तिथला माझा सहकारी बितोला गावचा. जेवताना सहज विचारलं, "तुम्ही ईयूत कधी येणार?" त्याने पाकिटामागून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. "मी केव्हाच आलो. देश यायचाय." पासपोर्ट बल्गेरियाचा होता, आणि बल्गेरिया ईयूत आहे!

परत आल्यावर वाचायला घेतलं आणि वाचतच गेलो. थोडक्यात कथा अशी :

स्वतंत्र झाल्या झाल्या शेजारच्या ग्रीसने हरकत घेतली, की मॅसेडोनिया हे नाव आमचं, आमच्या उत्तरेकडच्या प्रांताचं. त्यामुळे १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो 'पूर्वाश्रमीचे युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया' अशा लांबलचक नावाने. ग्रीसने व्यापारबंदी घातली, ती उठवण्यासाठी १९९५ मध्ये ग्रीसशी करार करून झेंडा बदलला. २००१ मध्ये अल्बेनियन बंडखोरांशी देश यादवीच्या तोंडाशी गेला, पण ओह्रिद करार करून सावरला. २००४ मध्ये ईयूकडे अर्ज, २००५ मध्ये उमेदवार देशाचा दर्जा. त्यानंतर ग्रीसचा नकार, वर्षानुवर्षं. २०११ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला, की २००८ ला नाटोत यांची वाट अडवून ग्रीसने तो १९९५ चा करार मोडला. ग्रीसवर ढिम्म परिणाम झाला नाही.

शेवटी २०१८ मध्ये इथले झाएव्ह आणि ग्रीसचे सिप्रास या दोन पंतप्रधानांनी प्रेस्पा सरोवराच्या काठी करार केला. देशाने स्वतःचं नावच बदललं. सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त मतं 'हो' पडली, पण मतदानालाच ३७ टक्के लोक आले. बाकीचे रागाने किंवा दुःखाने घरी बसले. तरी संसदेत १२० पैकी ८१ मतं जमवली आणि फेब्रुवारी २०१९ पासून देश 'उत्तर मॅसेडोनिया' झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ म्हणाले, वाटाघाटी सुरू करायच्या नाहीत, आधी प्रवेशाची पद्धत सुधारू. पद्धत सुधारली, फ्रान्स तयार झाला, तर २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बल्गेरियाने हरकतीचा हात वर केला. त्यांचं म्हणणं काय? मॅसेडोनियन ही स्वतंत्र भाषाच नव्हे, ती बल्गेरियन. तुमचे वीरपुरुष आमचे. तुमच्या राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख घाला. २०२१ च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे निघाले साडेतीन हजार, अठरा लाखांत.

आता माझं म्हणणं. न्यायालयं स्वच्छ करा, लाचखोरी थांबवा, अल्पसंख्याकांना वागवायला शिका, या अटी मला शंभर टक्के मान्य आहेत. पण इथे अटींच्या नावाखाली शेजारी आपापली जुनी उधारी वसूल करून घेतोय आणि ब्रुसेल्स हिशेबनीसासारखं बाजूला बसलंय. विस्ताराचं खरं दुखणं पैसा किंवा बाहेरून येणारे लोक यापेक्षा हे आहे, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

दुपारचा चहा

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). सविस्तर प्रतिसाद रविवारी. (मागच्या वेळचा रविवार अजून उजाडलेला नाही, माहीत आहे.)

खवचट खविस

लेख छान, पण ग्रीसचं मला काही कळलं नाही. ज्यांच्याकडे अ‍ॅथेन्स आहे, ऑलिंपस आहे, त्यांना वीस लाखांच्या देशाच्या नावाची भीती? वाड्यातल्या बिऱ्हाडकरूने पाटीवर मालकाचं आडनाव लावलं म्हणून पंचवीस वर्षं पाणी तोडायचं?

नीलकंठी

खविस, इतकं सोपं नाही. थेस्सालोनिकीला दोन वर्षं होते, म्हणून जरा पलीकडची बाजू मांडते.

उत्तर ग्रीसमधल्या म्हाताऱ्या माणसांना १९४६ ते ४९ चं यादवी युद्ध आठवतं. त्या युद्धात कम्युनिस्टांच्या बाजूने तिथले स्लाव्ह भाषक मोठ्या संख्येने लढले, मागे टिटोचा युगोस्लाव्हिया होता आणि 'एजियन मॅसेडोनिया', म्हणजे हाच उत्तर ग्रीसचा भाग, जोडून घेण्याची भाषा तेव्हा उघड चालायची. १९९१ मध्ये नवा देश त्याच नावाने उभा राहतो आणि झेंड्यावर व्हेर्गिनाचा सूर्य लावतो. ते व्हेर्गिना आहे ग्रीसमध्ये! तिथल्या शाही थडग्यांत सापडलेलं चिन्ह ते. मग लोक बिथरणारच.

धागाकर्त्यांनी एक गोष्ट सोडून दिली. २००८ ला नाटोचं दार बंद झाल्यावर स्कोपियेतल्या ग्रुएव्स्की सरकारने चिडून काय केलं? विमानतळाला प्राचीन मॅसेडोनियाच्या सिकंदराचं नाव आधीच दिलेलं होतं, मग महामार्गालाही सिकंदराचं नाव, आणि 'स्कोपिये २०१४' म्हणून गावभर पुतळेच पुतळे. चौकातला तो प्रचंड घोडेस्वार पाहिलात ना? अधिकृत नाव 'घोड्यावरचा योद्धा', पण कोण ते शेंबड्या पोरालाही कळतं. स्लाव्ह लोक या भागात आले ते सिकंदरानंतर नऊशे-हजार वर्षांनी. त्यामुळे हा सगळा खटाटोप स्कोपियेतल्याच शहाण्या माणसांना लाजिरवाणा वाटायचा. त्या पुतळ्यांवरचा खर्च आणि त्यातले घोटाळे हा वेगळा धागा होईल.

तरीही न्यायालयाचा निकाल धाब्यावर बसवणं चूकच. आणि ग्रीसमध्येही सिप्रासने किंमत मोजली : करार जेमतेम १५३ मतांनी मंजूर झाला, तीनशेंच्या संसदेत, आणि त्याच वर्षी तो निवडणूक हरला.

पायवाट

नीलकंठी, दंडवत. घोडेस्वार पाहिला, न पाहून सांगता कोणाला! त्याच्याखाली कारंजं आहे आणि रात्री ते रंग बदलतं. आपल्याकडच्या एखाद्या आमदारालाही एवढं सुचलं नसतं.

सायली व्रोत्सवाफ

मी पोलंडमध्ये अकरा वर्षं आहे. धागाकर्त्याशी अर्धीच सहमत. पैसा हे दुखणं नाही म्हणता, तर इकडे येऊन शेतकऱ्यांशी बोला.

इथल्या लोकांनी २०२२ मध्ये युक्रेनसाठी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याच इमारतीत दोन कुटुंबं राहिली, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतःची खोली दिली. त्याच जूनमध्ये ईयूने युक्रेनच्या मालावरचं आयात शुल्क काढलं. समुद्राचा रस्ता रशियाने अडवलेला, म्हणून गहू आणि मका रेल्वेने, ट्रकने पोलंडमार्गे निघाला. जायचा होता बाहेर, पण बराच इथेच उतरला आणि भाव कोसळले. एप्रिल २०२३ मध्ये पोलंड आणि हंगेरीने आयातच बंद केली, व्यापाराचं धोरण ब्रुसेल्सच्या हातात असताना! नोव्हेंबरमध्ये ट्रकवाल्यांनी सीमा अडवली, २०२४ मध्ये शेतकऱ्यांनी. ज्यांनी खोली दिली त्या काकूंचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन त्या आंदोलनात होता. दोन्ही खरं आहे, ढोंग कुठेच नाही.

आता गणित बघा. ईयूच्या अंदाजपत्रकातला साधारण तिसरा हिस्सा शेतीवर जातो आणि थेट अनुदान बरंचसं हेक्टरवर मिळतं. युक्रेनची शेतजमीन फ्रान्सपेक्षाही मोठी आणि तिथल्या काही कंपन्यांची एकेकटीची जमीन लाखो हेक्टर. आजच्या नियमांनी युक्रेन आत आला तर आज घेणारे कितीतरी देश उद्या देणारे होतील. पोलंड वर्षानुवर्षं सगळ्यात मोठ्या घेणाऱ्यांपैकी एक आहे. उत्तर मॅसेडोनिया आला काय न आला काय, खिशाला कळणारही नाही. म्हणूनच तिथे भांडायला इतिहास पुरतो.

माजी बाबू

शेवटचं वाक्य लाखमोलाचं, सायलीताई.

नियमांबद्दल थोडं सांगतो, आयुष्य फायलींत गेलंय. ईयूच्या करारातल्या कलम ४९ प्रमाणे नवा सदस्य घ्यायला सगळ्या सदस्यांची संमती लागते, ते ठीक. घरात नवं माणूस घ्यायचं तर सगळ्यांना विचारावं. पण गोम अशी, की ही एकमताची अट फक्त शेवटच्या सहीपुरती नाही. उमेदवारी, वाटाघाटींची सुरुवात, प्रत्येक गट उघडताना, प्रकरण मिटवताना, दर पायरीवर सत्तावीसपैकी कोणीही 'नाही' म्हणू शकतो. वाटाघाटींचे विषय ३५ प्रकरणांत आणि ती प्रकरणं गटांत वाटलेली, म्हणजे अडवायला डझनावारी जागा.

आणि अडवणारा दर वेळी वेगळा. २००८-०९ मध्ये स्लोव्हेनियाने क्रोएशियाला रोखलं, पिरानच्या छोट्याशा आखाताच्या हद्दीवरून. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी वाटाघाटी सुरू करण्याचा ठराव होता तेव्हा हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान सभागृहातून बाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी 'एकमताने' तो मंजूर केला. ही युक्ती पाहून मी खुर्चीतच टाळी वाजवली. आमच्या ऑफिसात साहेब चहाला गेले की अशाच फायली निघायच्या.

जुन्या पोलंडच्या संसदेत एकटा सभासद 'मला मान्य नाही' म्हणाला की अख्खं अधिवेशन बरखास्त व्हायचं. शेजारी राजे एखाद्या सभासदाला पैसे चारून काम भागवत. १७७२ ते १७९५ दरम्यान तीन फाळण्यांत तो देश नकाशावरून गेला. एवढं एकच कारण नव्हतं, पण हेही होतं.

अंत्रुजकार

भाषा नव्हे, बोली! वाचून बरं वाटलं की हे दुखणं फक्त आमच्या फोंड्याचं नाही. :)

बल्गेरियाची वाक्यं जशीच्या तशी आम्ही ऐकलीत. "तुमचं व्याकरण आमचंच, तुमचे संत आमचेच, वेगळी भाषा हा अलीकडचा राजकीय शोध." गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावर १६ जानेवारी १९६७ चा कौल झाला, १९७५ ला साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९९२ ला आठव्या अनुसूचीत आली, तरी लग्नाच्या पंगतीत वाद चालूच.

खवचट खविस

आला विषय! आता दोनशे प्रतिसाद नक्की.

संपादक मंडळ

मराठी-कोंकणी वादावरचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे कृपया युरोपवर बोलावे.

नीलकंठी

हलवलं ते बरं, पण अंत्रुजकारांच्या तुलनेतला एक फरक इथेच नोंदवते, कारण तो विषयाला धरून आहे. गोव्यात निकाल मतपेटीने आणि नंतर दिल्लीतल्या संस्थांनी लावला, वादातल्या दुसऱ्या बाजूच्या हातात किल्ली नव्हती. इथे वादी स्वतःच न्यायाधीशाच्या खुर्चीत आहे.

बल्गेरियाचा दावा अगदी हवेतला नाही, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात त्या भागातले कितीतरी शिकलेले लोक स्वतःला बल्गेरियन म्हणवत. गोत्से देल्चेव्ह हा दोघांचाही लाडका क्रांतिकारक. जन्म १८७२, गाव आता ग्रीसमध्ये, १९०३ मध्ये ऑटोमन सैन्याशी लढताना मेला. त्याच्या अस्थी बल्गेरियाने १९४६ मध्ये स्कोपियेला दिल्या, त्या तिथल्या चर्चमध्ये आहेत. मॅसेडोनियन प्रमाणभाषा १९४५ मध्ये युगोस्लाव्हियात ठरवली गेली, लिपी बरीचशी सर्बियन वळणाची ठेवून. हे सगळं खरं. पण १९४५ नंतर त्या भाषेत तीन पिढ्या शिकल्या, प्रेमपत्रं लिहिली, शिव्या दिल्या. दुसऱ्या महायुद्धात बल्गेरियन सैन्य तिथे आलं ते जर्मनीचा दोस्त म्हणून, आणि १९४३ च्या मार्चमध्ये स्कोपिये, बितोला, श्टिपमधल्या सात हजारांहून जास्त ज्यूंना धरून त्रेब्लिंकाला, जर्मनांच्या मृत्युछावणीत, पाठवण्यात आलं. जवळजवळ कोणी परत आलं नाही. इतिहासाची पुस्तकं जुळवायला २०१७ च्या मैत्री करारानुसार दोन्ही देशांच्या इतिहासकारांची संयुक्त समिती नेमली आहे. 'ताबा' म्हणायचं की 'प्रशासन', अशा एकेका शब्दावर तिथे घोडं अडतं.

एक गंमत : २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ईयूच्या सीमा यंत्रणेने स्कोपियेशी केलेला करार मॅसेडोनियन भाषेतही झाला, कुठलीही तळटीप न लावता. तेव्हा तिथल्या बातम्यांत करारातल्या मजकुरापेक्षा त्या भाषेच्या नावाचंच कौतुक जास्त.

कोरा कागद

मी उलट बाजूने बोलतो, शिव्या खायची तयारी आहे.

ईयूने दार जड ठेवलं ते बरंच केलं. कारण आत आल्यावर हातात काही राहत नाही. सायप्रस बघा. २४ एप्रिल २००४ ला कोफी अन्नान यांच्या एकीकरण योजनेवर मतदान झालं. तुर्की भागाने ६५ टक्क्यांनी 'हो' म्हटलं, ग्रीक भागाने ७६ टक्क्यांनी 'नाही'. आठवड्याभरात, १ मेला, ग्रीक भागाच्या ताब्यातलं सायप्रस सरकार सदस्य झालं. आज तुर्कस्तानची कितीतरी प्रकरणं तेच अडवून बसलंय. बल्गेरिया-रोमेनियाला २००७ मध्ये आत घेतलं आणि न्यायव्यवस्थेवर देखरेख ठेवावी लागली, ती २०२३ मध्ये संपवली. हंगेरी तर २००४ च्या तुकडीतला हुशार विद्यार्थी होता! त्यांच्यावर कलम ७ (मतदानाचा हक्क काढून घेण्यापर्यंत जाणारी कारवाई) लावलं २०१८ मध्ये, आणि शेवटचा फास आवळायला पुन्हा एकमत हवं. एकमेकांना वाचवणारे दोन जण असले की संपलं.

तेव्हा बाहेर असतानाच काय ते करून घ्या, हा धडा ब्रुसेल्स शिकलंय. उत्तर मॅसेडोनियाचं वाईट वाटतं, पण त्यांच्या न्यायालयांवर तिथल्याच लोकांचा विश्वास नाही, आणि तो काही बल्गेरियाने घालवलेला नाही.

पायवाट

कोरा कागद, शिव्या कशाला, बरोबरच बोलताय. पण तुमच्याच मुद्द्यातून माझा मुद्दा निघतो. बाहेर असताना करून घ्यायचं तर त्यासाठी धाक आणि आशा दोन्ही लागतात. २००३ मध्ये थेस्सालोनिकीच्या शिखर परिषदेत या सगळ्या बाल्कन देशांना लेखी सांगितलं, की तुमचं भविष्य ईयूत आहे. तेव्हापासून त्यातला एकटा क्रोएशिया आला, २०१३ मध्ये. त्यानंतर आतला आकडा वाढायचा सोडून २०२० मध्ये ब्रिटन गेल्यावर कमीच झाला. ज्या झाएव्हने देशाचं नाव बदलण्याइतकी मोठी गोष्ट केली तो २०२१ च्या नगरपालिका निवडणुकांत आपटून पंतप्रधानपद सोडून गेला. हे पाहून पुढचा कोणता पुढारी न्यायालयं साफ करायला जाईल?

जुलै २०२२ मध्ये फ्रान्सच्या तोडग्यावर स्कोपियेने मान डोलावली आणि बल्गेरियाची अट वाटाघाटींच्या चौकटीतच शिरली. घटना बदलायला ८० मतं लागतात. मे २०२४ मध्ये विरोधातला पक्ष दणक्यात जिंकला, आणि पंतप्रधान मित्सकोस्की विचारतायत, ही शेवटची अट याची हमी कोण देतो? हमी कोणीच देत नाही. त्यांचाही स्वार्थ आहे, मान्य, पण प्रश्न चुकीचा आहे का? एकाच गाडीला जोडलेल्या अल्बेनियाला तेवढ्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, वेगळं करून पुढे पाठवलं.

माजी बाबू

सर्बिया, माँटेनेग्रो, मोल्दोवा राहिले. सर्बियाची गाडी त्यांच्यापासून फुटून निघालेल्या कोसोव्होपाशी अडलीय आणि खुद्द ईयूतलेच पाच देश कोसोव्होला मानत नाहीत, तिथे बोलायचं काय. माँटेनेग्रो सगळ्यात पुढे आहे. मोल्दोवात ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात 'हो' जिंकलं ते एक टक्क्याहून कमी अंतराने, आणि तेही परदेशात राहणाऱ्यांच्या मतांनी.

सायली व्रोत्सवाफ

परदेशात राहणारे, हा शब्द आलाच आहे तर : दार उघडलं की आधी माणसं बाहेर पडतात. बल्गेरियात १९८९ च्या सुमारास जवळजवळ ९० लाख लोक होते, २०२१ च्या जनगणनेत ६५ लाख. क्रोएशियात २०११ आणि २०२१ च्या जनगणनांच्या मधल्या काळात चार लाख कमी झाले. सगळेच बाहेर गेलेले नाहीत, जन्मही घटले. पण मॅसेडोनियातले लोक तर सदस्य न होताच चाललेत.

आणि व्हिएन्नाकर, तुमच्या ऑस्ट्रियाने आणि जर्मनीने २००४ मध्ये आलेल्या पोलिश लोकांना कामाचं दार पूर्ण सात वर्षं, २०११ पर्यंत, लावून धरलं होतं, तेही सांगा की.

पायवाट

सांगतो, सांगतो. आमचा नळदुरुस्तीवाला क्राकूवचा, तो दर भेटीत ऐकवतोच.

दुपारचा चहा

रविवार उजाडला! सगळे प्रतिसाद वाचले. एकच शंका. बल्गेरियन साडेतीन हजार असतील, तर बल्गेरियाचे पासपोर्ट घेतलेले हजारो मॅसेडोनियन जनगणनेत गेले कुठे? वंशाच्या आधारावर नागरिकत्व घेताना 'मी मूळचा बल्गेरियन' असं लिहून द्यावं लागतं ना? मग दोनपैकी एका कागदावर कोणीतरी खोटं लिहिलंय. तुमच्या सहकाऱ्यालाच विचारा.

पायवाट

विचारलं. काल फोनवर बोलणं झालं.

अर्ज एका एजंटाने भरला, पणजोबांचा कुठलासा जुना दाखला जोडून. त्यावर काय लिहिलंय ते त्याने नीट वाचलं नव्हतं, सही केली. त्याला सोफियाशी काही देणंघेणं नव्हतं, जर्मनीत कामाला जायचं होतं. पाच वर्षं ष्टुटगार्टला काढून आईच्या आजारपणासाठी परतला.

जनगणनेचं विचारलं, तर म्हणाला, सप्टेंबर २०२१ मध्ये ती बाई घरी आली तेव्हा मी ऑफिसात होतो, सगळी उत्तरं आईने दिली. आईने काय सांगितलं, ते त्याने अजून विचारलेलं नाही.